मोटर सुरू झाली की बोर्ड रीसेट होतो: आधी कारण ओळखा, मग कपॅसिटर लावा

जोडणी साधी असते. १२ व्होल्टची ब्रशवाली डीसी मोटर, ती चालवायला मॉस्फेट किंवा तयार ड्रायव्हर मॉड्यूल, वेग कमीजास्त करायला पोटेन्शिओमीटर आणि मधे अर्डुइनो उनो आर३ सारखा बोर्ड. प्रोग्राम दहाबारा ओळींचा. मोटरच्या जागी एलईडी लावून पाहिला तर तो नॉबबरोबर हळूहळू उजळतो, मंदावतो, सगळं ठीक. मोटर जोडली की मात्र बिघडतं. नॉब फिरवताच मोटर एक हिसका देते, एलसीडीवर नुसते काळे चौकोन दिसतात आणि बोर्ड पहिल्यापासून सुरू होतो. प्रोग्राममध्ये मोटर लगेच चालू करण्याची आज्ञा असेल तर हिसका, रीसेट, पुन्हा हिसका असं चक्रच लागतं.

यावर बहुतेक जण प्रोग्राम उघडतात. कुठेतरी थोडा विलंब घालतात, कुठे वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात, आणि रीसेट थांबतो. काही दिवसांनी मोटरवर जरा जास्त भार येतो किंवा बॅटरी थोडी उतरते आणि तोच त्रास परत उभा राहतो. मग एक कपॅसिटर लागतो, नंतर आणखी एक, नंतर मोटर बदलली जाते. त्रास पुन्हा पुन्हा येतो, कारण तो कशामुळे होतोय हे कधी तपासलेलंच नसतं.

ताप एकच दिसतो, रोग मात्र दोन वेगळे आहेत. एक, मोटर एकदम इतका करंट ओढते की मायक्रोकंट्रोलरला मिळणारं व्होल्टेज क्षणभर खाली जातं. दोन, ब्रशच्या ठिणग्यांमुळे आणि वाइंडिंगमधला करंट तोडल्यामुळे उठणारा विद्युत गोंगाट तारांवरून किंवा हवेतून चिपपर्यंत पोहोचतो. पहिल्याचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. पुरवठा कोसळत असताना मोटरच्या टोकांना छोटे कपॅसिटर लावत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

खरंच रीसेट होतोय का?

हा प्रश्न आधी सोडवा. मोटर थांबली, पडद्यावर कचरा आला, संगणकाशी संपर्क तुटला, या तीनही गोष्टी रीसेटशिवाय घडू शकतात. एलसीडीच्या नियंत्रक चिपला गोंगाटाचा धक्का बसला की पडदा बिघडतो आणि मुख्य प्रोग्राम शांतपणे चालूच राहतो. उनोवर यूएसबीसाठी वेगळी चिप असते, त्यामुळे मुख्य चिप रीसेट झाली तरी संगणकावरचा पोर्ट गायब होत नाही. पोर्टच नाहीसा होत असेल तर धक्का यूएसबीच्या वाटेने बसतोय किंवा ५ व्होल्टचा पुरवठाच बसतोय, हे तिथेच कळतं. लिओनार्दोसारख्या बोर्डवर यूएसबी मुख्य चिपमध्येच असतं, तिथे हा निकष चालत नाही. आणि सिरियल मॉनिटर उघडल्यावर उनो रीसेट होतो तो मुद्दाम तसा केलेला आहे, त्याचा मोटरशी संबंध नाही.

खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे सेटअपच्या सुरुवातीला बोर्डवरचा एलईडी तीनदा झपकन लुकलुकवायचा आणि त्यानंतर दोन सेकंद मोटर बंद ठेवायची. काम चालू असताना ती तीन लुकलुक पुन्हा दिसली तर रीसेट पक्का. दोन सेकंदांच्या थांब्याने रीसेटचं चक्रही मोडतं आणि डोळ्यांना बघायला वेळ मिळतो. हा थांबा तपासणीपुरता आहे, त्याला उपाय समजू नका.

रीसेट कशामुळे झाला हे चिप स्वतःही सांगते. उनोवरची मुख्य चिप म्हणजे ॲटमेगा ३२८पी. तिच्यात एमसीयूएसआर नावाचं रजिस्टर आहे. त्यात पहिल्यांदा वीज येणं, बाहेरच्या रीसेट पिनमुळे, व्होल्टेज पडल्यामुळे आणि वॉचडॉगमुळे (प्रोग्राम अडकला तर रीसेट करणारा टायमर) अशा चार कारणांसाठी चार वेगळे बिट असतात. अडचण एवढीच की उनोवरचा ऑप्टिबूट हा बूटलोडर, म्हणजे चिप सुरू होताच आधी चालणारा छोटा प्रोग्राम, तुमचा प्रोग्राम सुरू होण्याआधीच ते रजिस्टर पुसून टाकतो, म्हणून सेटअपमध्ये ते वाचलं की शून्यच मिळतं. ऑप्टिबूटच्या नव्या आवृत्त्या पुसण्याआधी ती किंमत आर२ या रजिस्टरमध्ये ठेवतात, तिथून ती उचलता येते. हे जमत नसेल तर प्रोग्रामर वापरून बूटलोडरशिवाय प्रोग्राम भरा, म्हणजे रजिस्टर जसंच्या तसं मिळेल. ईएसपी ३२ चा बोर्ड वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. रीसेटचं कारण सांगणारं फंक्शन त्याच्या लायब्ररीत आहेच, शिवाय व्होल्टेज पडल्यामुळे रीसेट झाला तर तो सिरियलवर ब्राउनआउटचा संदेश स्वतःहून छापतो.

इथे एक गोष्ट मी ठासून सांगेन, कारण ती सुरक्षिततेची आहे. १६ मेगाहर्ट्झवर बिनचूक चालायला ॲटमेगा ३२८पीला साधारण ३.८ व्होल्ट लागतात. उनोवर व्होल्टेज पडल्याचं ओळखून चिप थांबवणारी पातळी मात्र २.७ व्होल्टला ठेवलेली असते. म्हणजे ३.८ ते २.७ या पट्ट्यात चिप थांबतही नाही आणि तिच्यावर भरवसाही ठेवता येत नाही. ती एखादी आज्ञा चुकीची वाचू शकते, भलत्याच ठिकाणी उडी मारू शकते, आणि मोटरची पिन पूर्ण वेगावर अडकून राहू शकते. 'रीसेट होत नाही, पण कधीकधी मोटर आपोआप सुसाट सुटते' ही तक्रार अनेकदा याच पट्ट्यातली असते. ज्या यंत्राजवळ माणसाची बोटं जातात तिथे फ्यूज बिट (चिपमध्ये प्रोग्रामरने भरायची मूळ सेटिंग) बदलून ही पातळी ४.३ व्होल्ट करा. रीसेट वाढतील, पण मोटर बंद होऊन वाढतील. तेच हवं आहे.

पुरवठा की ठिणगी: वेगळं कसं करायचं

आधी वेळ बघा. रीसेट मोटर सुरू होताना, दिशा उलटताना किंवा अडकल्यावर होत असेल तर संशय पुरवठ्यावर. मोटर आरामात फिरत असताना मधूनच, काही नेम नसल्यासारखा होत असेल तर संशय गोंगाटावर. मोटर जुनी होऊन ब्रश झिजले की असे बिननेमाचे रीसेट वाढतात, हीसुद्धा गोंगाटाचीच खूण.

नेहमी ठरावीक मिनिटांनी, यंत्र तापल्यावरच होत असेल तर बोर्डवरच्या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला हळूच बोट लावून बघा. १२ व्होल्टमधून ५ व्होल्ट काढताना उरलेले ७ व्होल्ट त्याला उष्णता करून सोडावे लागतात. १०० मिलिअँपिअरला ०.७ वॉट, ३०० ला २.१ वॉट. एवढ्याशा चिपला ते झेपत नाही, ती स्वतःला वाचवायला बंद होते, थंड झाली की पुन्हा सुरू. अशा जोडणीत बहुतेक वेळा एखादा सर्वो किंवा छोटी मोटर बोर्डच्या ५ व्होल्टच्या पिनवर लटकवलेली सापडते. ती तिथून काढा, पुढचं काही वाचायची गरज पडणार नाही.

दुसरी चाचणी, बोर्डचा पुरवठा वेगळा करण्याची. बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर किंवा वेगळ्या बॅटरीवर चालवा, मोटर तिच्या स्वतःच्या पुरवठ्यावर, आणि दोघांमध्ये फक्त ग्राउंड जोडा. ग्राउंड जोडायला विसरू नका, नाहीतर मॉस्फेटच्या गेटला, म्हणजे त्याची उघडझाप करणाऱ्या पायाला, संदर्भच उरत नाही आणि मोटर वाटेल तशी वागते. एवढ्याने रीसेट पूर्ण थांबला तर दोष जवळपास नक्की पुरवठ्याचा. तरीही होत राहिला तर गोंगाट.

तिसरी चाचणी माझ्या सर्वांत आवडीची. मोटर काढा आणि तिच्या जागी १२ व्होल्ट, २१ वॉटचा तंतूचा बल्ब लावा, गाडीच्या इंडिकेटरमध्ये असतो तसा. पेटल्यावर तो १.७५ अँपिअर घेतो, पण थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या साधारण दहाव्या भागाइतका असतो, म्हणून पेटताना काही मिलिसेकंद तो त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो. म्हणजे मोटरसारखाच सुरुवातीचा झटका मिळतो, पण ब्रश नाहीत, ठिणग्या नाहीत, इंडक्टन्स नगण्य. बल्बनेही रीसेट झाला तर ठिणगीचा विषय संपला, पुरवठा दुरुस्त करा. बल्बने काहीच होत नाही आणि मोटरने होतं, तर गोंगाटाकडे वळा. हा प्रयोग मॉस्फेटवर करा. छोट्या ड्रायव्हर मॉड्यूलवर बल्बऐवजी मोटरच्या वाइंडिंगइतक्या रोधाचा जाड वायरवाउंड रेझिस्टर लावून अर्ध्या सेकंदापुरता करंट सोडा. मॉड्यूल तेवढा करंट पेलणारंच नसेल तर दोष तिथेच सापडला. टीबी६६१२ सारख्या ड्रायव्हर चिपला क्षणभरासाठीसुद्धा ३.२ अँपिअरची मर्यादा आहे, आणि अडकल्यावर ६ अँपिअर मागणारी मोटर तिच्यावर लावणं मुळातच चूक आहे.

मल्टिमीटरने ५ व्होल्टची तार मोजून 'व्होल्टेज तर बरोबर आहे' असं म्हणू नका. तो सेकंदातून दोनतीनदा वाचतो आणि खड्डा असतो काही मिलिसेकंदांचा. ऑसिलोस्कोप असेल तर ५ व्होल्टवर प्रोब लावून, ४.५ व्होल्टच्या खाली उतरताच एकदाच टिपेल असा ट्रिगर ठेवा. नसेल तर चिपलाच मोजायला लावता येतं. ॲटमेगा ३२८पीमध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ आहे. एडीसीला, म्हणजे व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या चिपमधल्या भागाला, पुरवठा हाच संदर्भ देऊन तो १.१ व्होल्ट मोजायला सांगितला की उलट गणिताने पुरवठा किती आहे ते निघतं: ११२६४०० भागिले वाचन, उत्तर मिलिव्होल्टमध्ये. ५ व्होल्टला वाचन २२५ च्या आसपास येतं. तो अंतर्गत संदर्भ प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा असतो, म्हणून एकदा मल्टिमीटरशी ताडून आकडा सुधारून घ्या. एका वाचनाला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे मिलिसेकंदांचा खड्डा हाती लागतो. चाचणीपुरता पोटेन्शिओमीटर वाचणं बंद ठेवा, वेगाचे टप्पे प्रोग्राममध्येच लिहा, सतत मोजत राहा आणि आतापर्यंतची सर्वांत कमी किंमत सिरियलवर छापा. अंदाज संपतो आणि हातात आकडा येतो.

पुरवठा कोसळत असेल तर

थांबलेली मोटर म्हणजे तांब्याच्या तारेचा नुसता रोध. फिरू लागली की ती स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते आणि करंट आवरला जातो. वाइंडिंगचा रोध २ ओहम असेल तर १२ व्होल्टवर सुरुवातीचा करंट ६ अँपिअर, मग फिरताना तो अर्धा अँपिअर का असेना. पुरवठा निवडताना बहुतेक जण तो अर्धा अँपिअर डोळ्यांसमोर ठेवतात. मोटरची टोकं मल्टिमीटरने मोजून, दांडा हाताने थोडा थोडा फिरवत सर्वांत कमी रोध शोधा आणि भागाकार करा. या एका आकड्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

दिशा उलटवताना तर स्थिती आणखी वाईट. मोटरचं उलट व्होल्टेज आता पुरवठ्याच्या मदतीला येतं. ११ व्होल्टचं उलट व्होल्टेज असताना दिशा बदलली तर २ ओहमवर २३ व्होल्ट, म्हणजे साडेअकरा अँपिअर. म्हणून दिशा बदलताना आधी वेग शून्यावर आणा, थोडं थांबा, मग उलटवा.

वेग टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा उपाय खरा आहे, आणि तो का चालतो हे समजण्यासारखं आहे. पीडब्ल्यूएममध्ये मॉस्फेट भराभर चालूबंद होतो, आणि त्यातला चालू वेळेचा वाटा म्हणजे ड्यूटी. २० टक्के ड्यूटीवर थांबलेल्या मोटरला सरासरी २.४ व्होल्ट मिळतात, करंट १.२ अँपिअर. पण तो करंट पुरवठ्याकडून फक्त २० टक्के वेळच घेतला जातो, उरलेल्या वेळात तो डायोडमधून मोटरमध्येच फिरत असतो. म्हणजे पुरवठ्यावर सरासरी भार ०.२४ अँपिअर, सहाचा पंचविसावा भाग! अट एकच, ड्रायव्हरच्या अगदी जवळ, मोटरच्या पुरवठ्यावर, मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हवा. १००० मायक्रोफॅरड ही चांगली सुरुवात आहे. तो नसेल तर पुरवठ्याच्या लांब तारांना सरासरी कळत नाही, त्यांना १.२ अँपिअरचे ठोकेच बसतात.

पण मोटर चालू असताना अडकली तर ड्यूटी आधीच १०० टक्के असते, टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा तिथे उपयोग शून्य. पुन्हा ६ अँपिअर, पुन्हा रीसेट. प्रोग्राममधला उपाय काही दिवसांनी फसतो तो इथेच. म्हणून अडकलेल्या अवस्थेतही बोर्डचं व्होल्टेज टिकेल अशी तारांची रचना हवी.

सुरुवात पुरवठ्यापासून. ९ व्होल्टच्या छोट्या चौकोनी बॅटरीचा अंतर्गत रोधच १ ओहमहून जास्त असतो, तिच्यावर मोटर चालवू नका. ४ पेन्सिल सेल घेऊन ते ६ व्होल्ट एल२९८च्या ड्रायव्हर मॉड्यूलला देणं आणि त्याच मॉड्यूलच्या ५ व्होल्टवर उनो चालवणं हे तर रीसेटला आमंत्रणच. मॉड्यूलवरच्या रेग्युलेटरला ५ व्होल्ट द्यायला आत साधारण ७ व्होल्ट लागतात. ६ व्होल्टवर तो मुळातच ४ च्या आसपास देतो, मग मोटरचा पहिला हिसका पुरे होतो. शिवाय एल२९८ आतल्या ट्रान्झिस्टरांत स्वतःच १ अँपिअरला दोनएक व्होल्ट खातो, त्यामुळे मोटरलाही चारच मिळतात. माझ्या मते नव्या कामासाठी एल२९८ घेऊच नये. मॉस्फेटचे ड्रायव्हर सहज मिळतात.

एकाच बॅटरीवर दोन्ही चालवायचं असेल तर बोर्डची वाट बॅटरीच्या टोकापासूनच वेगळी काढा. त्या वाटेवर एक शॉटकी डायोड आणि त्यानंतर कपॅसिटर लावा. बॅटरी खाली बसली तरी डायोड त्या कपॅसिटरमधला साठा मोटरकडे परत जाऊ देत नाही, तो फक्त बोर्डला मिळतो. किती मोठा हवा? बोर्डचा करंट गुणिले खड्ड्याचा वेळ, भागिले चालेल एवढी घट. ५० मिलिअँपिअर, १० मिलिसेकंद, १ व्होल्ट घेतले तर ५०० मायक्रोफॅरड. म्हणजे १००० चा लावला की दुप्पट सवड. हा कपॅसिटर मोटरच्या कपॅसिटरपेक्षा वेगळा, दोघांची कामं वेगळी.

ग्राउंडकडे कोणी लक्ष देत नाही, आणि घोळ तिथेच जास्त असतो. मोटरचा परतीचा करंट बोर्डच्या ग्राउंड पिनमधून, ब्रेडबोर्डच्या पट्टीतून, बारीक जंपर तारेतून जात असेल आणि त्या वाटेचा रोध जेमतेम ०.१ ओहम असेल, तरी ६ अँपिअरला तिथे ०.६ व्होल्ट पडतात. पोटेन्शिओमीटरचं ग्राउंड त्या वाटेवर असेल तर एडीसीच्या वाचनात १२० च्या आसपास अंकांची चूक येते. प्रोग्राम त्यानुसार ड्यूटी बदलतो, करंट बदलतो, चूक बदलते, आणि मोटर आपोआप कमीजास्त होत राहते. वेग स्थिर राहत नाही म्हणून प्रोग्राममध्ये सरासरी काढणारे फिल्टर घालण्याआधी ही तार तपासा. मोटरचं ग्राउंड जाड तारेने थेट बॅटरीकडे, बोर्डचं वेगळ्या तारेने त्याच बिंदूकडे. मॉस्फेटच्या सोर्सपासून (ग्राउंडकडच्या पायापासून) बोर्डपर्यंतची संदर्भाची तार आखूड ठेवा, पण मोटरचा करंट तिच्यातून जाता कामा नये. ब्रेडबोर्डवरून मोटरचा करंट नेऊ नका, कधीच.

गोंगाट असेल तर

मॉस्फेट बंद होतो तेव्हा वाइंडिंगमधला करंट थांबायला तयार नसतो. त्याला वाट नसेल तर व्होल्टेज उसळी मारतं आणि मॉस्फेट मरतो किंवा ती उसळी सगळीकडे पसरते. म्हणून मोटरला समांतर डायोड, पट्टी असलेलं टोक मोटरच्या धन बाजूला. १एन४००७ सगळ्यांकडे पडलेला असतो, पण तो वाहत्या स्थितीतून बंद व्हायला फार वेळ घेतो आणि मॉस्फेट पुढच्या ठोक्याला सुरू होताना क्षणभर शॉर्टसारखी स्थिती होते. शॉटकी वापरा, १ अँपिअरपर्यंत १एन५८१९, ३ अँपिअरपर्यंत १एन५८२२. दोन्ही ४० व्होल्टचे आहेत, २४ व्होल्टपर्यंत निर्धास्त लावा. दोन्ही दिशांना फिरवणाऱ्या ब्रिजवर मात्र असा एकटा डायोड लावू नका, उलट दिशेला तो सरळ शॉर्ट होतो. तिथे चार डायोड लागतात. एल२९८च्या आत ते नसतात, मॉड्यूलवर बाहेर लावलेले असतात. मॉस्फेटच्या ब्रिजमध्ये मॉस्फेटच्या आतले डायोड ते काम करतात.

डायोड ब्रशची ठिणगी मात्र थांबवत नाही. तिच्यासाठी १०४ छापलेले, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर लागतात. एक मोटरच्या दोन टोकांमध्ये, आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या अंगापर्यंत एकेक. ते मोटरवरच सोल्डर करायचे, पाय शक्य तितके आखूड. बोर्डजवळ लावलेल्या कपॅसिटरचा इथे फायदा नाही, तोवर मोटरच्या ताराच अँटेना बनलेल्या असतात. अंगाला सोल्डर धरत नसेल तर थोडं खरवडून घ्या. आणि मोटरच्या टोकांना समांतर मोठा इलेक्ट्रोलिटिक लावू नका. पीडब्ल्यूएमच्या प्रत्येक ठोक्याला मॉस्फेटला तो भरावा लागतो, करंटच्या सुया उठतात, गोंगाट वाढतो आणि मॉस्फेट तापतो.

मोटरच्या दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्या. एन्कोडर (दांडा किती फिरला ते ठोक्यांनी सांगणारा सेन्सर) आणि पोटेन्शिओमीटरच्या तारा त्यांच्यापासून दूर न्या, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. रीसेट पिनवर लांब तार आणि तिच्या टोकाला बटण असेल तर तिथूनच धक्का येत असण्याची दाट शक्यता आहे. ती तार काढून बघा. एन्कोडरचं आउटपुट ओपन कलेक्टर असेल, म्हणजे ते तार फक्त खाली ओढत असेल, तर चिपच्या आतल्या कमकुवत पुल-अपवर (तार ५ व्होल्टकडे ओढणाऱ्या रेझिस्टरवर) विसंबू नका, बाहेरून ४.७ किलोओहम द्या.

गेटवर दोन रेझिस्टर हवेतच. पिन आणि गेटमध्ये १०० ते २२० ओहम, आणि गेटपासून ग्राउंडला १० किलोओहम. दुसरा फार महत्त्वाचा आहे. रीसेटच्या काळात चिपच्या सगळ्या पिना तरंगत्या असतात, गेटवरचा चार्ज तसाच राहतो आणि मोटर चालू राहू शकते. १० किलोओहम असेल तर बोर्ड मेला तरी मोटर थांबते.

मॉस्फेटचं नाव नीट वाचा. आयआरएफझेड४४एन आणि आयआरएलझेड४४एन यांत एका अक्षराचा फरक आहे. पहिल्याला पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात, ५ वर तो अर्धवट उघडतो, तापतो आणि मोटर दुबळी वाटते. दुसरा ५ व्होल्टसाठीच बनवलेला आहे.

प्रोग्राममधली थोडी कारणं

कमी ड्यूटीवर मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, हे रीसेटचं लक्षण नाही. स्थिर घर्षण मोडण्याइतका करंटच तिला मिळत नसतो. क्षणभर जास्त ड्यूटी देऊन मग खाली आणा. गुणगुण असते ती उनोच्या ४९० हर्ट्झची (५ आणि ६ या पिनांवर ९८०). ती नको म्हणून ९ आणि १० या पिनांचा टायमर १ बदलून वारंवारता ३१ किलोहर्ट्झच्या पुढे नेतात, आवाज ऐकू येईनासा होतो. पण गेट थेट पिनवरून चालवत असाल तर हिशोब करा. आयआरएलझेड४४एनच्या गेटला सुमारे ५० नॅनोकूलॉम चार्ज लागतो, २२० ओहममधून जेमतेम २० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे उघडायला अडीच मायक्रोसेकंद आणि बंद व्हायला तेवढेच. ३२ मायक्रोसेकंदांच्या आवर्तनात ५ मायक्रोसेकंद मॉस्फेट अधांतरी राहून तापणार. ४९० हर्ट्झला हा वेळ नगण्य होता. वारंवारता वाढवायची तर गेट ड्रायव्हर चिप लावा.

टायमर ० ला हात लावू नका. मिलिस आणि डिले त्याच्यावर चालतात, सगळी वेळेची गणितं चुकतील. सर्वोची लायब्ररी टायमर १ घेते, मग ९ आणि १० वरचा पीडब्ल्यूएम बंद पडतो आणि मोटर का थांबली ते कळत नाही. टोन फंक्शन ३ आणि ११ ला असंच करतं.

एन्कोडरवरून मोजलेला वेग मधूनच भलताच येत असेल तर तारांबरोबर हेही बघा. ८ बिटांची चिप ३२ बिटांची संख्या चार तुकड्यांत वाचते. मधेच इंटरप्ट (चालू काम थांबवून लगेच चालणारा प्रोग्रामचा तुकडा) आला आणि त्याने ती संख्या बदलली तर अर्धी जुनी, अर्धी नवी संख्या हाती येते. ते चल व्होलाटाइल घोषित करा आणि वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवून त्याची प्रत काढून घ्या. वेग नियंत्रणाचा पीआय लूप अशा एका चुकीच्या वाचनावर पूर्ण ड्यूटी देतो, मोटर झटका खाते, पुरवठा बसतो आणि रीसेट होतो. इथे मूळ कारण प्रोग्राममध्ये आणि लक्षण पुरवठ्यावर असतं, म्हणून एन्कोडर असलेल्या यंत्रात आधी ठरावीक ड्यूटीवर, लूप बंद ठेवून सगळ्या चाचण्या करा.

सुटलं हे कसं ठरवायचं

रिकाम्या मोटरवर 'आता रीसेट होत नाही' एवढं पुरेसं नाही. सर्वांत कमी व्होल्टेज छापणारा प्रोग्राम पुन्हा भरा. पूर्ण वेगावर असताना मोटर यांत्रिकरीत्या अडकवा, एकदोन सेकंदच, नाहीतर वाइंडिंग जळेल. मोठी मोटर हाताने धरू नका, पकड लावा. मग पूर्ण वेगावरून दिशा उलटवा, प्रोग्राममध्ये ठेवलेला थांबा तसाच ठेवून. मग थोड्या उतरलेल्या बॅटरीवर हेच पुन्हा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतरचा आकडा लिहून ठेवा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. या तिन्ही प्रसंगांत आकडा ४.५ व्होल्टच्या वर राहिला तर पुरवठ्याची बाजू मी पक्की धरतो. ४.३ ते ४.५ च्या मधे असेल तर बोर्डच्या वाटेवरचा कपॅसिटर वाढवा. त्याखाली जात असेल तर आधी ग्राउंडच्या तारा पुन्हा मोजा, आणि त्या ठीक असतील तर पुरवठाच बदला.

आकडा ४.८ च्या खाली येतच नाही आणि तरीही तीन लुकलुक दिसतात, तर पुरवठ्याला आणखी कपॅसिटर लावू नका. मोटरवरचे तीन १०४, रीसेटची तार आणि डायोडची दिशा, या क्रमाने तपासा.